झायी का झोप?

माझं हृदय ऑपरेशन सोसणारं नव्हतं, म्हणून पित्ताचे खडे तोंडातून दुर्बीण घालून काढायला मी जळगावच्या दवाखान्यात फेऱ्या मारायची. तिथल्या वॉर्डबॉयला, तोंडात नळी असलेल्यांशी बोलून बोलून, आपल्याच प्रश्नाचं उत्तर आपणच द्यायची खोड लागली होती.

“दुखस का, अक्का? नही दुखस.”

दुखायचंच, पण धीर यायचा.

शेवटचा खडा निघाला तेव्हा जावई आत यायला निघाले. माझी कवळी काढलेली. असलं बोळकं तोंड त्यांना कसं दाखवू?

वॉर्डबॉय दारात आडवा आला. “थांबा, जावईबापू. अक्का झोपेल शे.”

मी कसली झोपलेली, टक्क जागी होते. त्यानं दार लोटलं, कवळी धुऊन माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मग दार उघडता उघडता म्हणाला, “झायी का झोप, अक्का? झायीच.”