शेवटच्या बटणावरचा शब्द

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत इस्पितळांच्या सॉफ्टवेअरचं मराठी मी करायचे. वेदनेच्या पानावर चार बटणं होती: सौम्य, मध्यम, तीव्र आणि शेवटचं. त्या शेवटच्यासाठी मी आधी ‘सहन होत नाही’ लिहिलं होतं. बटणात मावेना, म्हणून ‘असह्य’ केलं. चहा गार व्हायच्या आत काम संपलं.

दोन वर्षांनी तेच बटण नर्सच्या हातातल्या टॅबवर दिसलं, तेव्हा समोरच्या खाटेवर माझे वडील होते. कॅन्सर हाडांत उतरला होता. शेवटचं बटण दाबलं गेलं तरच मोठं इंजेक्शन द्यायचं, असा त्या वॉर्डचा नियम होता. हे मराठी माझं आहे, हे मी पहिल्याच दिवशी वडिलांना कौतुकाने सांगून बसले होते.

वडिलांनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेलं.

“काका, दुखणं असह्य आहे का?” नर्सने विचारलं.

त्यांनी दातांत धरलेला चादरीचा कोपरा काढला आणि तास सुरू केला. “अहो, सह् म्हणजे सोसणं. वेदांमध्ये तर जिंकणंसुद्धा. जे सोसताच येत नाही ते असह्य. मी आपल्याशी बोलतोय, म्हणजे सोसतोय. तीव्र लिहा.”

“बाबा, हा काय वर्ग आहे?” मी चिडले.

“शब्द तुझाच ना? मग अर्थही माहीत करून घ्यायचा होतास.”

नऊ दिवस ‘तीव्र’च लिहिलं गेलं. घामाने उशी भिजायची. मला त्यांचा संताप यायचा आणि स्वतःचा त्याहून जास्त. ‘सहन होत नाही’ असं विचारलं असतं, तर त्यांनी मुकाट्याने मान हलवली असती. त्या साध्या वाक्यात शिकवण्यासारखं काहीच नव्हतं. “ताई, तुम्हीच सांगा, मी दाबते,” नर्स एकदा हळूच म्हणाली. शुद्धीवर असलेल्या बापाच्या वतीने बोलायची माझी हिंमत झाली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी नर्सने विचारलं, तेव्हा ते माझ्याकडे वळले.

“तुला बघवतंय का?”

“नाही,” मला रडू फुटलं. “नाही बघवत, बाबा.”

“मग कुणाला तरी झालंय असह्य,” ते नर्सला म्हणाले. “दाबा.”

इंजेक्शननंतर ते शांत झोपले. त्यांचा धीर सुटू नये म्हणून नऊ दिवस मी नेमकं हेच त्यांच्यापासून लपवत होते.