हैदराबादला गेलेला माणूस

आमच्या गल्लीत बोअरची मोटार सुरू झाली की ते प्रकरण डोळ्यांपुढे येते. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी तो आवाज ऐकला की हातातले काम थांबते. नावे सांगणार नाही. खटला अजून संपलेला नाही.

माझा नवरा पोलिसात होता. तो गेल्यावर मला शिपाई म्हणून घेतले. शिक्षण सातवीपर्यंत. या घटनेच्या वेळी मी मांजरा नदीकाठच्या एका ठाण्यात हवालदार होते.

संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी उरकली आणि एक बाई आत आली. नवरा दारू पिऊन मारतो, तक्रार द्यायची आहे, असे तिने ठाणे अंमलदाराला सांगितले. मी जवळ बसवल्यावर मात्र आवाज खाली आणून म्हणाली, "माझा मालक गरीब हाय बाई, मारायचं गावाला दावाया म्हनले. माझ्या शेजारणीनं हळदीकुंकू घेतलं न्हाई, ते सांगाया आले."

अंमलदार हसला. "मावशी, आता हळदीकुंकवाचा पण गुन्हा नोंदवू का?"

"हास तू. तिचा नवरा नदीत वाळू उपसायच्या मोटारीवर कामाला होता. हैदराबादला गेला म्हनतेत. कपाळाला कुंकू हाय, हातात बांगड्या हायत. पन दुसरीनं लावाया बोट पुढं केलं की मागं सरते. तिच्या हातानं कुनाला लावत बी न्हाई."

मी हसले नाही. नवरा जिवंत असलेली बाई संक्रांतीला असे करत नाही. मी स्वतः विधवा आहे, मला ते ठाऊक होते.

ठाण्याच्या साहेबांनी संगणकावर पाहिले. त्या गावच्या वाळूघाटाचा लिलावच झालेला नव्हता, ऑनलाइन घाट बंद दिसत होता. वीज कंपनीने सांगितले, नदीकडेला एकही जोडणी नाही. साहेब म्हणाले, "बाई, सरकारच्या लेखी तिथं वाळू उपसत नाही, वीज नाही, मोटार नाही. मग मेला कोण आणि कशानं?"

बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरी जावे लागते. वर्दीत गेले असते तर गावाला लगेच कळले असते. रथसप्तमीपर्यंत बायकांचे येणेजाणे चालूच असते. मी साडी नेसून, खबर देणारीची चुलती म्हणून त्या शेजारणीच्या घरी गेले.

दारात सासू बसली होती, डोळ्यांनी अधू. मांडीवर मोबाईल. "माझ्या लेकाचा रोज मेसेज येतो बघा," ती म्हणाली. "सून वाचून दावती. काल म्हनला, आई, औषध घेत जा."

सून आत पीठ मळत होती. तिचा हात थांबला. पुन्हा चालू झाला.

गोठ्यात नेऊन मी तिला म्हणाले, "माझं कपाळ बघ. आता तुझं का भरलंय ते सांग."

ती आधी कुडाच्या फटीतून बाहेर बघून आली. मग बोलली. विजेच्या तारेवर आकडा टाकून, म्हणजे चोरून वीज घेऊन, मोटार चालायची. वायर उघडी पडली, पाण्यात करंट उतरला. तो पाण्यातच होता.

"ठेकेदाराची मानसं मढं बी देत न्हाईत. म्हनले, कुंकू पुसलंस तर लेकराला उचलू. म्हून माझ्या हातानं लावते. दुसऱ्या सवाशिणीच्या हातचं कसं घेऊ?"

"गावातल्या कुणाला सांगितलंस का?"

"साऱ्याला ठावं हाय. पर घराघरावर आकडा हाय, मावशी. म्हनतेत, तू बोललीस की विजेचं पथक येतंय, गाव अंधारात जातंय."

त्या फटीतून नदीवरच्या पंपाचा आवाज येत होता. दिवसाढवळ्या. तिचे लेकरू अंगणात खेळत होते आणि ती दर वाक्याला त्याच्याकडे बघत होती.

लेकराला आधी मामाकडे पोचवले, मगच पुढची हालचाल केली. तिच्या नवऱ्याच्या मोबाईलचे लोकेशन मागवले. फोन हैदराबादला गेलाच नव्हता, रोजचे मेसेज गावच्याच टॉवरवरून निघत होते. घाटावर पंपाची मोटार चालवणाऱ्याला उचलले. आला तो तोऱ्यात.

"हैदराबादला हाय की तो. फोन लावून बघा."

साहेबांनी टॉवरची माहिती समोर ठेवली. त्याने कागद उलटून पाहिला. शर्ट घामाने ओला झाला. मग विचारले काय, तर, "साहेब, मला आत ठेवता का? बाहेर सोडलं तर मला बी वाळूतच पुरतेत." कोठडी मागणारा आरोपी मी नोकरीत एवढा एकच पाहिला.

त्याने पुरल्याची जागा दाखवली. पंच म्हणून गावातला एकही माणूस उभा राहिना, दुसऱ्या गावचे सरकारी नोकर आणावे लागले. तहसीलदारांसमोर वाळू काढली. पंचनाम्यात जे लिहिले ते इथे लिहिणार नाही.

घरी सांगायला मीच गेले. सासूने मोबाईल चाचपून उचलला, सुनेच्या हातात दिला. "आता वाचू नको," एवढेच म्हणाली.

नंतर विजेचे पथक आले. आकडे निघाले. ज्यांना नवे मीटर परवडले नाही त्यांची घरे काळोखात राहिली. गावाने ठेकेदाराला शिव्या दिल्या नाहीत, हिला दिल्या. नळावर हिच्या घागरीजवळ कोणी घागर ठेवेना. गुंडाच्या भीतीवर पोलीस बंदोबस्त देता येतो. घरातला दिवा जाईल, या भीतीवर आमच्याकडे बंदोबस्त नव्हता. माणूस गप्प असला की आधी त्याच्या घराकडे वीज कुठून येते, पाणी कुठून येते ते बघावे, हे मी त्या गावात शिकले.

ठेकेदार जामिनावर सुटला आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्या मागून पंपाचा आवाज येत होता.

"मावशी, आयकू येतंय का?"

"येतंय. दाराला कडी लाव."

"लावलीय."

"साक्षीला येशील ना?"

आवाज चालूच होता. ती म्हणाली, "येईन. पन तुमी मला घरून न्यायला या."

तारखेला मी जाणार आहे. भाच्याच्या पोराकडून मोबाईलवर घाटाची सरकारी नोंद बघून घेतली. घाट अजूनही बंदच दाखवतो.