साठ हजार किंवा पाच वर्षं

उर्स्याच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे, सव्वीस वर्षं झाली. यंत्र बंद पडल्यावर धावत जाणारे लोक वेगळे आणि ते बंद पडू नये म्हणून आधीच उघडून बसणारे वेगळे. मी दुसऱ्या प्रकारातला. कुठलं बेअरिंग कधी बदलायचं, कुठला पट्टा किती तासांनी उतरवायचा, याचा तक्ता आमच्या खात्यात भिंतीवर लावलेला असतो आणि माझ्या डोक्यातही. धडधाकट दिसणारा पट्टा मी काढून टाकला की नवे इंजिनिअर हळहळतात. त्यांना मी सांगतो, पट्टा तुटायच्या आधी ओरडत नसतो. हे वाक्य मी गरजेपेक्षा जास्त वेळा वापरतो, असं बायकोचं म्हणणं आहे.

घरात भाजी कुठली, कुणाच्या लग्नात काय द्यायचं, भिंतींना रंग कुठला, यात मला कुणी विचारत नाही. पण मिक्सर, पाण्याची मोटर आणि गाडी या तीन खात्यांत मी म्हणेन ते. आमच्या मुलीला लहानपणापासून वाद घालायची भारी हौस. आज बुधवार आहे म्हटलं तरी कॅलेंडर बघून येणारी पोर. पण मी मोटरपाशी वाकून "कपॅसिटर गेलाय" म्हटलं की ती गप्प बॅटरी धरून उभी राहायची. मला त्याचा फार अभिमान होता. बाकी कशात नाही, पण एवढ्यात तरी पोर आपलं ऐकते, असं मी चारचौघांत सांगायचो.

आमचं घर मळवली स्टेशनपासून दीड किलोमीटरवर. बायको तिथल्याच एका बंगल्याची देखभाल बघते. बंगल्याच्या मालकांनी नवी गाडी घेतली, तेव्हा त्यांची जुनी डिझेल गाडी आम्ही घेतली. घेण्याआधी मी ती कामशेतच्या गॅरेजवाल्याकडे नेली. तो माझा जुना मित्र. गाडीपेक्षा गप्पा जास्त दुरुस्त करतो, पण हात चोख. त्यानं बॉनेट उघडून टायमिंग बेल्टवरचं कव्हर सोडवलं आणि मला वाकायला सांगितलं. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसवलेला दातेरी रबरी पट्टा. इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग तो एका तालात फिरवतो. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन जागच्या जागी गप्प होतं, स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. कव्हरवर कुणीतरी पांढऱ्या रंगानं लिहून ठेवलं होतं: ६२,०००, आणि खाली महिना आणि साल. म्हणजे मालकांनी आदल्याच वर्षी बेल्ट बदलून घेतला होता. मीटरवर सत्तर हजार झाले होते. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, बेल्ट साठ हजार किलोमीटरला किंवा पाच वर्षांनी बदलावा, जे आधी होईल तेव्हा.

"लय दम हाय भाऊ बेल्टात," गॅरेजवाला म्हणाला. "अजून चार वर्सं तरी हिकडं बघायचं न्हाई."

आम्ही दोघांनी ती अक्षरं वाचली, त्यानं कव्हर परत बसवलं आणि मी गाडी घरी आणली.

वर्षभरानं मुलीला खोपोलीच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली. पहिली नोकरी, तीही शिकलेल्या कामाची. ड्युटी सकाळी सातची. मी कंपनीच्या बसनं जातो, त्यामुळे गाडी दिवसभर दारातच उभी असायची. मुलीकडे लायसन्स होतं, तळेगावपर्यंत ती एकटी छान चालवायची. जेवताना तिनं सहज विचारलं, "पप्पा, मी गाडी घेऊन जाऊ ना?"

मी ताटातून मान वर न करता म्हणालो, "बेल्ट बदलायला झालाय."

मग नेहमीसारखं समजावून सांगितलं. पुस्तकात साठ हजार लिहिलेत, मीटर अठ्ठ्याहत्तर हजारांवर गेलाय. घाट उतरताना बेल्ट तुटला तर इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेक घट्ट. यातला शब्द न् शब्द खरा होता. कव्हरवरची पांढरी अक्षरं तेवढी मी गाळली. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. "मग बदलून घ्या लवकर," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून पहिल्या लोकलनं निघाली.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. खंडाळ्याच्या खाली ट्रेलर अंगावर आल्यासारखे उतरतात, पावसाळ्यात धुक्यानं पुढच्या गाडीचे लाल दिवेही दिसत नाहीत. मी स्वतः त्या घाटात गाडी घातली की खोपोली येईपर्यंत कुणाशी बोलत नाही. आणि पोर रोज एकटी तिथून उतरणार होती. पण वाघासारखं वागायची सवय झालेल्या बापानं मला भीती वाटते असं कसं सांगायचं? बेल्टवर ढकलणं सोपं होतं.

पहिली लोकल लोणावळ्याला पोचली की ती स्टँडपर्यंत धावत जायची. एसटी मिळाली तर मिळाली, नाहीतर वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं. बायको चार वाजता उठून डबा करायची. महिन्याभरात मुलीला चार वेळा उशीर झाला आणि वरच्या बाईंनी तिला बोलावून समज दिली. प्रत्येक रविवारी ती विचारायची, "बेल्टचं काय झालं?" एका रविवारी मी म्हणालो, पार्ट मागवलाय. दुसऱ्या रविवारी, आलेला पार्ट ओरिजिनल नव्हता, परत पाठवला. तिसऱ्या रविवारी मी गॅरेजवाल्याला एका लग्नाला पाठवला. तो बिचारा त्या दिवशी कामशेतलाच होता.

"एवढा कसला बेल्ट म्हनायचा त्यो?" बायको एकदा म्हणाली. "कंपनीत तर तुमी आठवड्याला चार बदलता."

"त्यातलं तुला काय कळतंय?" मी खेकसलो. तिला सगळं कळलं असावं, कारण त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

दुसरा महिना संपता संपता मुलीनं खोपोलीत दोन नर्सबरोबर खोली घेतली. "बेल्ट झाला की परत येते," असं म्हणून बॅग भरली. स्टेशनवर सोडायला मीच गेलो. लोकल सुटल्यावर मला आधी सुटल्यासारखं वाटलं. घरी आलो तर दारात गाडी उभी होती, आणि मग माझी मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी काही केलं नाही. आठवडे गेले.

पुढचं मला नंतर गॅरेजवाल्यानं सांगितलं. एका बुधवारी तिची सुट्टी होती आणि मी कामावर. ती घरी आली, आईकडून किल्ली घेतली आणि गाडी कामशेतला नेली. पप्पांना वेळ होत नाही, आपणच बेल्ट बदलून घेऊ, संध्याकाळी ते आले की त्यांना दाखवू, असा तिचा बेत होता. पगारातून तिनं त्यासाठी बाजूला काढलं होतं.

"बेल्टाला काय झालं?" गॅरेजवाला म्हणाला. "भाऊंनी सोताच्या डोळ्यांनी बघितलाय की." आणि त्या भल्या माणसानं कव्हर काढून तिला ती अक्षरं दाखवली.

मी घरी आलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती, शेजारी गाडीची किल्ली. बूट काढता काढताच मी ओळखलं. आता ही घर डोक्यावर घेणार, म्हणून मी तयारीत राहिलो. अंगात माझ्याही राग होता, पकडलो गेल्याचा. पण तिनं आवाज चढवला नाही.

"मला भ्या वाटतंय म्हनला असता तर मी भांडले असते, पप्पा," ती म्हणाली. "दोन दिवस भांडले असते. मग तुमी आला असता माझ्यासंगं घाटात, आन् काय ते ठरलं असतं. तुमी बेल्ट म्हनला, म्हनून मी काय बोललेच न्हाई."

मला काहीतरी बोलायचं होतं. चुकलं, असं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चहा घेतलास का?"

"घेतला," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या रविवारी आम्ही दोघं घाट उतरलो. ती चालवत होती आणि मी शेजारी. तिनं उताराला गाडी खालच्या गिअरात घातली, ट्रेलरपासून अंतर राखलं, एकदाही उगाच ब्रेक दाबला नाही. माझ्यापेक्षा बरी चालवते, हे मला खंडाळ्यातच कळलं होतं. खोपोलीत उतरल्यावर मी म्हणालो, गाडी तुझ्याकडेच ठेव. मी एसटीनं वर आलो. वाटेत मला वाटत होतं की आता ती खोली सोडेल. तिनं सोडली नाही. तिथं तिला मैत्रिणी झाल्या होत्या आणि सात वाजताच्या ड्युटीला साडेसहाला उठायची सवय झाली होती. दर शनिवारी संध्याकाळी ती गाडीनं घरी येते आणि सोमवारी पहाटे जाते. हसते, बोलते, वादही घालते. कुणाला वाटेल, काही झालंच नाही.

यंदा त्या पांढऱ्या अक्षरांना पाच वर्षं पुरी झाली. मी महिना मनात धरून होतो. रविवारी जेवताना मी म्हणालो, "बेल्ट बदलायला झालाय. पाच वर्षं झाली."

तिनं भाताचा घास घेतला. "बरं," ती म्हणाली. "खोपोलीत एक गॅरेजवाले आहेत, त्यांना विचारते."

तिच्या बोलण्यात ना टोमणा होता ना राग. औषध घेताना माणूस जसं दुसऱ्या डॉक्टरला विचारून घेतो, तसंच. चार दिवसांनी तिचा फोन आला. तिथल्या माणसानं कव्हरवरचा आकडा आणि मीटर बघितला होता. एक लाख चार हजार झालेत, एक लाख बावीस हजारांपर्यंत चालतो, अजून अठरा हजार बाकी आहेत, असं तो म्हणाला होता.

"किलोमीटर नव्हं गं," मी म्हणालो. "वर्षंपण बघायची असतात. रबर हाय ते. चालवा न चालवा, त्याचं वय होतंच."

"व्हय का," ती म्हणाली. "बघते मी."

"मी खरं सांगतोय," मी म्हणालो. सव्वीस वर्षांत कुठल्याही यंत्राबद्दल बोलताना मला हे शब्द जोडावे लागले नव्हते.

"खोटं कुटं म्हनतीये मी?" ती शांतपणे म्हणाली आणि आईला फोन द्यायला सांगितलं.

दोन आठवडे गेले. त्या दोन शनिवारी ती घाट चढून येईपर्यंत मी ओटा सोडला नाही. गाडी दिसली की आत जाऊन पेपर उघडून बसायचो. इंजिनाचा आवाज अगदी छान होता, आणि तेच वाईट होतं. तिसऱ्या आठवड्यात मी कामशेतला गेलो. गॅरेजवाला एका टेम्पोखाली होता. तो बाहेर येईपर्यंत मी थांबलो आणि त्याला म्हणालो, "पोरीला फोन लाव. बेल्टाचं सांग."

"भाऊ, तुमी सांगा की. तुमाला काय माझ्यापेक्षा कमी कळतंय?"

"माझ्या सांगण्यानं व्हत न्हाई."

त्याला तो बुधवार आठवला असावा. फडक्याला हात पुसून त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"काका, बोला," ती म्हणाली.

"तुझ्या गाडीच्या बेल्टाला पाच वर्सं झाली बघ. मीटर बघू नको, बदलून टाक. घाटाची गाडी हाय."

"बरं झालं सांगितलंत. शनिवारी येतानाच टाकते तुमच्याकडं."

"पप्पा हितंच हायेत, बोलतीस का?"

मी हातानं नको नको म्हणालो, पण तोवर त्यानं फोन माझ्यापुढे धरला होता.

"पप्पा, तुमी तितं काय करताय?" तिनं विचारलं.

"काय न्हाई," मी म्हणालो. "असाच आलतो."

ती म्हणाली, "शनिवारी थांबा तितं. संगंच घरी जाऊ." आणि फोन ठेवला.

"बघा, लगेच ऐकलं की पोरीनं," गॅरेजवाला खूश होऊन म्हणाला आणि परत टेम्पोखाली गेला.