वच्छलाचा अळणी नेम

डॉक्टरांनी वच्छलाचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढून टॉर्चच्या उजेडात हिरड्या पाहिल्या. हिरड्यांवर काळपट डाग होते. मग तिचा तळहात उघडला. हाताच्या रेषाही काळ्या पडलेल्या. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला मीठ खावंसं वाटतं का? खूप?"

वच्छलानं मान हलवली. हो.

"मग किती खाता?"

तशीही ती कमीच बोलायची, त्यात समोर परका माणूस. शेवटी मीच तोंड उघडलं. "साहेब, तिनं मीठ सोडलं हाय. आखाडी एकादशीपासून. चातुर्मासाचा नेम हाय तिचा, अळणी खाते."

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. माझं ऐकून ते शेजारच्या स्टुलावर मटकन बसले. म्हणाले, "अहो, या बाईंच्या अंगात मीठच टिकत नाहीये. आणि जे पोटात जायचं तेही तुम्ही बंद केलंत?"



महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पोळा नुकताच झाला होता. आम्ही देऊळघाटच्या दोघी शेजारणी, बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात होतो. ती खाटेवर अन् मी खाटेखाली चटईवर. आज हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी, की तुमच्या घरातलं कोणी असंच हळूहळू वाळत चाललं असेल तर तुमच्या वेळेवर ध्यानात यावं.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, ॲडिसन्स डिसीज. मी सातवी शिकलेली, मला काय कळणार? मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या दोन्ही किडन्यांवर, म्हणजे मूत्रपिंडांवर, टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते. तिला ॲड्रिनल म्हणतात. अंगातलं मीठ धरून ठेवायचं काम तिचं. वच्छलाच्या या ग्रंथी वाळून गेल्या होत्या, बहुतेक जुन्या क्षयानं. त्यामुळे मीठ लघवीवाटे वाहून जायचं, रक्ताचा दाब खाली यायचा, उलट्या व्हायच्या, अंग काळं पडायचं. "म्हणून त्यांचं शरीर मीठ मागत होतं," डॉक्टर म्हणाले.

मागत होतं खरं. पण आम्ही काय समजलो होतो?

नेम घ्यायच्या आधी वच्छला वर्षभर मीठ खात राहिली होती. मळ्यात वांगी तोडायला गेली की पदराच्या गाठीत मिठाचा खडा. चिंच अन् मीठ चाटायची, लोणच्याचा खार पिऊन टाकायची. मी चिडवायची, "काय वं, डोहाळे लागले काय तुले?" ती फक्त हसायची. रंग काळवंडला तर सगळे म्हणाले, उन्हानं रापली. वजन उतरलं तर म्हणाले, माळ्याच्या घरी काम काय कमी असते?

आणि काम ती करायचीही तसंच. तिचा नवरा किसनभाऊ पहाटे माळव्याची गाडी घेऊन बुलढाण्याच्या बाजाराला निघायचा, तर त्याआधी हिच्या वांग्या-मिरच्यांच्या पाट्या भरून तयार. माझ्या बाळंतपणात सव्वा महिना माझ्या घरची चूल तिनं सांभाळली. मी भांडकुदळ बाई, अख्ख्या आळीशी माझं वाकडं व्हायचं. हिच्याशी कधी झालं नाही. ती उत्तरच द्यायची नाही, तर भांडायचं कोणाशी? माझा राग ओसरला की ती म्हणायची, "झालं? चाल, पाण्याले जाऊ."

त्या उन्हाळ्यात तिची एकुलती एक लेक इंदू तापानं पडली. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड. पोरगी दहा-अकरा वर्षांची, अंथरुणाला खिळली. वच्छला तिच्या उशाशी बसून राहिली. ताप उतरला तेव्हा आखाड लागला होता. एकादशीच्या दिवशी देवळात हिनं नेम घेतला. आमच्याकडं बायका चातुर्मासात एखादा पदार्थ सोडतात. कोणी वांगं सोडते, कोणी गूळ. मी विचारलं, "तू काय सोडलं वं?"

"मीठ."

"बापा! मिठाशिवाय तुहा घास उतरत नाही अन् तू मीठच सोडलं?"

"म्हणूनच त," ती म्हणाली. "जे सगळ्यात जास्त आवडते ते सोडावं लागते. तवा देव ऐकते."

भाजीत मीठ घालायच्या आधी ती आपली वाटी बाजूला काढून ठेवायची. श्रावणात तिला उलट्या सुरू झाल्या. पोळ्याच्या दिवशी बैलांना ओवाळताना आरतीचं ताट हातातून पडलं अन् तीही पडली. किसनभाऊनं तिला माळव्याच्या गाडीतच घालून बुलढाण्याला आणलं.

डॉक्टर म्हणाले, दोन गोष्टी लागतील. एक कॉर्टिझोनच्या गोळ्या. वाळलेल्या ग्रंथीत जो रस तयार होत नाही तो या गोळ्यांतून मिळतो. त्या इथं नव्हत्या, नागपूरला मिळाल्या तर मिळतील. किसनभाऊ चिठ्ठी घेऊन तसाच मलकापूरच्या गाडीत बसला, तिथून रेल्वेनं पुढं. दुसरी गोष्ट मीठ. तोवर सलाईन लावलं, म्हणजे शिरेतून मिठाचं पाणी.

वच्छलानं माझ्याकडं पाहिलं. "बाटलीतलं तोंडातून नाही जात ना? मंग नेम मोडत नाही."

मला त्या वेळीही हसू आलं. म्हटलं, नाही वं माय, मोडत नाही.

पण सुई टिकेना. तिच्या शिरा आत ओढल्या गेलेल्या. नर्सबाई टोचून टोचून थकल्या, दोन्ही हात सुजले. डॉक्टर म्हणाले, "आता तोंडावाटेच द्या. पेलाभर पाण्यात मीठ घालून थोडं थोडं पाजत राहा. गोळ्या येईपर्यंत या बाईंना हेच जगवणार आहे."

मी पेला तिच्या ओठाला लावला. तिनं मान भिंतीकडं वळवली.

आधी समजावलं, मग रागावले. "तुले मराचं हाय काय? किसनभाऊ तिकडं गोळ्यांपायी वणवण करून राह्यला अन् तू इकडं नखरे करून राह्यली?" साऱ्या वॉर्डातल्या बायका पाहत होत्या. डॉक्टर येऊन म्हणाले, देवाला आजाऱ्याचा उपास चालतो का? तिनं ऐकून घेतलं. मोठ्या माणसाला उलट उत्तर देणं तिच्या रक्तात नव्हतं. पण ओठ उघडले नाहीत. भांडणारी बाई वाकवता येते हो, गप्प बसणारीला कुठून वाकवायचं? मी पेला खाली ठेवून व्हरांड्यात गेले अन् पदर तोंडात कोंबून रडले. माझ्या डोळ्यांदेखत, हातात मीठ असताना, माझी मैत्रीण मिठावाचून मरत होती.

परत आले तर ती हळू आवाजात म्हणाली, "इंदूचा ताप परत आला त?"

एवढंच होतं तिच्या मनात. लेकीचा जीव तिनं मिठावर तोलून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी इंदूला गावाहून आणवलं. पोरगी आईच्या खाटेशी उभी राहिली, चांगली टवटवीत. "आई, मले काही झालं नाही, पे ना," म्हणाली. वच्छलानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. तरी नाही. हात लावायलाही तिला जोर लागत होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली अन् मला बाजूला बोलावून म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत काही गेलं नाही तर माझ्या हातात काही राहणार नाही."

मग मला जे सुचलं ते तिथंच सुचलं. आपण एखादी वस्तू दुसऱ्याला दान देतो तेव्हा हातावर पाणी सोडतो. मी तांब्या घेतला, तिच्या खाटेशी बसले. म्हटलं, "वच्छले, हा नेम मले दे. आजपासून कार्तिकीपर्यंत अळणी म्या खाईन. इंदू जशी तुही, तशी माही. नेम मोडत नाही, फक्त हात बदलते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुह्यानं होईन काय? तुले त लय चटकदार लागते."

"होते. नाही झालं त मले नरकात धाडजो."

तिनं ओंजळ पुढं केली. मी तीत पाणी घातलं. तिनं ते माझ्या ओंजळीत सोडलं. मग इंदूच्या हातून पेला घेतला अन् मिठाचं पाणी प्याली. डोळे मिटून प्याली. खाली एक थेंब सांडू दिला नाही. तहानलेल्या जित्राबानं पाण्याच्या हाळाला तोंड लावावं तशी प्याली ती. मला ते पाहवलं नाही, इतकी भूक तिनं दाबून ठेवली होती.

दोन दिवसांत ती उठून बसली. किसनभाऊ नागपूरहून गोळ्या घेऊन आला, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. गोळ्या सुरू झाल्या. तिनं इंदूची वेणी घातली. मी माझी अळणी भाकर-भाजी कशीबशी गिळत होते, तर ती पाहून म्हणाली, "लिंबू पिळत जाय वरतून. अन् ताकासंग खाय. मंग मिठाची याद येत नाही." स्वतः खाटेवर, अन् काळजी माझ्या घासाची. असली बाई होती ती.

आम्हाला वाटलं, जिंकलो. डॉक्टरही हसून म्हणाले, "महालक्ष्म्यांना घरी जाल."

पण तिला ताप भरला. साधा, सर्दीचा. वॉर्डात अर्ध्या बायका खोकत होत्या, त्यांना काही झालं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या रोगात धडधाकट माणसाला झेपणारा तापही झेपत नाही, कारण ताप आला की अंग तो रस जास्त मागतं अन् तिथं तर कोरड असते. गोळ्या दिल्या, उलटीत पडल्या. पुन्हा दिल्या, पुन्हा पडल्या. मिठाचं पाणी आता ती मागून घ्यायची, तेही टिकेना. किसनभाऊ डॉक्टरांच्या पायाशी बसला. डॉक्टर स्वतः तिच्या पायाची शीर उघडून सलाईन लावायला झटत होते. भर दुपारी, नर्सबाई पाणी पाजत असताना, वच्छला गेली.

मी देवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. मिठाच्या एका चिमटीनं जगणारी बाई होती ती.

आता तुम्हाला सांगते, ते ऐका. कोणाचे तळहात, हिरड्या काळ्या पडल्या, माणूस वाळत चाललं अन् मीठ मागू लागलं, तर उन्हावर ढकलू नका, डॉक्टरला दाखवा. दवाखान्यात गेल्यावर काय खातो एवढंच सांगू नका, काय सोडलं तेही सांगा. आजाऱ्यानं नेम घेतला असेल तर तुम्ही ओंजळ पुढं करा. त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. तिच्या हिरड्या पाहणारा पहिला माणूस तो. फक्त आम्ही उशिरा नेली.

मी नेम पाळला. नवरात्र गेलं, दिवाळी गेली. फराळाचं ताट समोर यायचं अन् मी लिंबू पिळून ताक-भाकर खायची. कार्तिकी एकादशी झाली. दुसऱ्या दिवशी नेम सोडायचा म्हणून इंदूनं मला तिच्या घरी जेवायला बोलावलं. आई गेल्यावर चूल तिच्यावरच आली होती. तिनं पाट मांडले. ताट वाढायच्या रीतीनं माझ्या ताटात सगळ्यात आधी मीठ वाढलं. मी चिमूट जिभेवर ठेवली. खारट लागलं अन् डोळ्यांतून पाणी आलं, सांगता येत नाही कशाचं.

मग तिच्या ताटाकडं पाहिलं. मिठाची जागा रिकामी. चुलीशी एक वाटी बाजूला काढून ठेवलेली. मी ओळखली ती वाटी.

"इंदे, हे काऊन वं?"

पोरगी खाली मान घालून बसली. अगदी आईसारखी. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "आई गेली तवापासून. तुमच्यासाठी. तुम्हालेही काही झालं असतं त?"

मी तिथंच तिला एक धपाटा घातला अन् तसंच ओढून पोटाशी धरलं. मग माझ्या ताटातलं मीठ उचलून तिच्या ताटात ठेवलं. म्हटलं, "खाय. माह्या डोयासमोर खाय. मले काही होत नाही."

तिनं बोट लावलं अन् जिभेवर ठेवलं. ती घास गिळेपर्यंत मी पाहत बसले.