छोट्या कोर्सवर सात झेंडे

अगं शालू, हा आवाजातला निरोप जरा निवांत बसून ऐक. माझे फोटो पाहून ‘मजा आहे बाई तुझी’ एवढंच लिहितेस, दोन शब्द विचारायला काय होतं गं? मजा कसली, माझे गुडघे अजून ठणकतायत. आता ऐक.

मुग्धाकडे, लेकीकडे परदेशात आलो आणि यांची इथेच बायपास झाली, ते तुला ठाऊक आहेच. त्यानंतर तीन महिने हे घराबाहेर पडले नाहीत. माउंट रॉस्किल या उपनगरातल्या तिच्या घरात खिडकीशी खुर्ची, बास. परतीच्या विमानाचं नाव काढलं की, “मला नाही जमायचं.” मुग्धा दवाखान्यात फार्मासिस्ट. सुट्टीच्या दिवशी तिने आम्हाला गाडीत घातलं आणि समुद्रकाठी नेऊन उतरवलं.

शंभरी ओलांडलेला गोल्फ क्लब. मोठा कोर्स पट्टीच्या खेळाडूंचा. त्याच्या कडेला नऊ झेंड्यांचा (चेंडू घालायच्या दर खळग्यात एक झेंडा) छोटा कोर्स, शिकाऊंचा आणि आमच्यासारख्यांचा. असल्या मैदानाला लिंक्स म्हणतात (समुद्रालगतच्या वाळूच्या उंचवट्यांवर गवत वाढलेलं असतं ते). झाड नावाला नाही, वारा मात्र उभं राहू देत नाही. साडीवर लेकीचं जाकीट, पायांत तिचेच बूट, असा माझा अवतार.

“बाबा, एकच झेंडा. मग गाडीत,” मुग्धा म्हणाली.

यांचा चेंडू दहा पावलं गेला. तरी चालले. दुसरा झेंडा झाला, तिसरा झाला. मागे वळून पाहते तर एक वयस्कर जोडपं आमच्यामुळे थांबलेलं.

“अहो, उरका ना, लोक खोळंबलेत,” मी बोलून गेले.

झालं. हे काठी टेकून उभेच राहिले. “म्हणून येत नव्हतो. चल परत.”

माझीच मेली जीभ. महिन्यांनी घराबाहेर पडलेला माणूस मी एका वाक्यात माघारी फिरवला.

“बाबा, इथे हळू चालणारे बाजूला होऊन हात वर करतात,” मुग्धा म्हणाली. “मागचे पुढे निघून जातात. रीतच आहे.”

“म्हणजे हरलो म्हणायचं.”

“नाही हो. मग आपल्या चालीने खेळायला मोकळे.”

हे बाजूला सरकले. मग यांनी हात वर केला, जेमतेम खांद्यापर्यंत.

जोडपं आलं. “किआ ओरा,” म्हातारा म्हणाला (हा इथल्या माओरी लोकांचा नमस्कार). यांनी छातीवर हात ठेवून ऑपरेशनचं सांगितलं.

“माझं दोनदा झालंय,” तो म्हणाला. “ही इतकी घाई करायची की मी हिला घरी ठेवून यायचो.”

“खोटं. मीच घरी राहायचे,” त्याची बायको म्हणाली. “तेवढीच शांतता.”

हे हसले गं. तीन महिन्यांनी हसले.

त्यानंतर आणखी दोन जोड्या पुढे गेल्या. दर वेळी हात यांनीच वर केला. सातव्या झेंड्याशी म्हणाले, “बास. आज इतकंच.” वाळूत बसून थालीपीठ खाल्लं, दाताखाली कचकचत होतं. मला तर उठवेना.

परतताना गाडीत वाटलं, चाळीस वर्षं मी यांच्यामागे ‘उरका’ लावलं आणि त्याला काळजी समजत आले.

घरी पोचल्यावर बूट काढता काढता यांनी मुग्धाला विचारलं, “तिकिटं कधीची मिळतील?”

पुढच्या महिन्याची मिळाली. आम्ही पोचलो की चार दिवस राहायलाच ये, शालू. लवकर ये. मी फार दमलेय गं, स्वयंपाक तूच कर.