काबऱ्याचं जमिनीतलं कुंपण

पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की थोड्या अंतरावर एक फाटा लागतो. फाट्यावर निंबाचं जुनं झाड आहे. त्या झाडाखाली त्या काळी पत्र्याची एक टपरी होती, आणि टपरीत वना मिस्तरी बसलेला असे. टपरी दिसायच्या आधी तिचा वास येई, तापलेल्या व्हार्निशचा. विहिरीवरची मोटार जळालेला माणूस खांद्यावर ओझं घेऊन चालत आला की त्या वासानंच त्याचा अर्धा जीव भांड्यात पडे.

वना सातवीपर्यंत शिकलेला. मोटारीचं वाइंडिंग त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अठरा वर्षांचा असताना काकाची जळालेली मोटार उकिरड्यावर पडली होती, ती त्यानं उचलून आणली. तांब्याची काळी पडलेली तार एकेक वेढा मोजत उलगडली, आणि दर दहा वेढ्यांना एका सुतळीला एक गाठ मारली. मग त्या गाठी बघत नवी तार भरली. पहिल्यांदा धूर निघाला. दुसऱ्यांदा जास्त धूर निघाला. तिसऱ्यांदा विहिरीचं पाणी पाटाला लागलं आणि काकानं त्याला खांद्यावर घेऊन शेताला चक्कर मारली. तेव्हापासून टपरीच्या भिंतीवर खिळ्यांना सुतळ्या लोंबत. पाच हॉर्सची सुतळी, साडेसातची सुतळी. दुसऱ्या कुणाला त्या वाचता येत नसत, आणि याचा वनाला मोठा अभिमान होता.

कुठल्याही कामाला ‘होत नाही’ म्हणायचं नाही, हा त्याचा नेम. तो फक्त म्हणे, “देखसू,” म्हणजे बघतो. त्याची बायको प्रमिलाबाई म्हणे, “तुम्हनं देखसू ऐकीसन मना केस पिकनात.”

चौऱ्याण्णव सालच्या फाल्गुनात एका दुपारी कमलअक्का टपरीवर आली. अक्काचा मळा फाट्यापासून हाकेच्या अंतरावर, धुळ्याच्या रस्त्याला लागून. लिंबाची बाग, विहीर, दोन बैल, आणि दोन खोल्यांचं घर. मुली आपापल्या घरी नांदत होत्या. मळ्यात अक्का आणि तिचा कुत्रा काबऱ्या, एवढेच. लहानपणी वनानं त्या मळ्यातली लिंबं चोरली होती आणि अक्काच्या हातची भाकरही खाल्ली होती. त्यामुळे तो तिच्याशी अजूनही एकेरीतच बोले.

अक्कानं एक रंगीत खोकं त्याच्यापुढे ठेवलं.

“हाई देख बरं. मना भाचानी अमेरिकाथीन धाडेल शे.”

“काय शे यामा?”

“कुंपण शे म्हणे.”

वनानं खोकं हलवून बघितलं. “इतलुसा खोकामा?”

“दिसत नही म्हणे ते,” अक्का म्हणाली, आणि पदरानं घाम पुसत बाकावर बसली.

आता काबऱ्याची गोष्ट सांगायला हवी. पाठीवर काळे-तांबडे पट्टे असलेला हा कुत्रा तसा गुणी. साप सांगायचा, चोर सांगायचा, बैल दाव्यातून सुटले तर तेही सांगायचा. खोड एकच. फटफटी दिसली की त्याच्या अंगात येई. आणि फटफट्यांतही त्याचा खास राग अभिमनच्या राजदूतवर. अभिमन सकाळी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून पारोळ्याला जाई. मळ्यासमोर आला की काबऱ्या बाणासारखा सुटे आणि अभिमन दोन्ही पाय टाकीवर घेऊन सर्कशीतल्यासारखा जाई. पौष महिन्यात एकदा तोल गेला. अभिमन चारीत पडला, दूध चारीतून वाहत गेलं, आणि कोपर महिनाभर गळ्यात बांधून ठेवावं लागलं.

अभिमन वाईट माणूस नव्हता. त्यानं काबऱ्याला दगडही मारला नाही. फाट्यावर चार माणसांत तो अक्काला म्हणाला, “अक्का, आखाजीलोंग मी दम धरसू. तोलोंग सुधरना नही, ते मंग तुना काबऱ्या मना मेव्हणाकडे पिंपळनेरले जाई. त्याकडे मेंढ्या शेत. तठे पयू दे त्याले डोंगरमा.”

आमच्याकडे सालदार गड्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फिरतं. जुना सालदार त्या दिवशी मोकळा होतो, नवा त्या दिवशी कामाला लागतो. त्यामुळे आखाजीची मुदत म्हणजे पक्की मुदत. अक्कानं मान डोलावून शब्द दिला होता. काबऱ्याला बांधूनही पाहिलं होतं. बांधला की तो जेवत नसे, आणि तो जेवला नाही की अक्काच्याही घशाखाली घास उतरत नसे.

खोक्यात मराठीत लिहिलेली भाच्याची चिठ्ठी होती, ती वनानं मोठ्यानं वाचली. घराभोवती जमिनीत ही तार पुरायची. तिची दोन्ही टोकं या पेटीला जोडायची. कुत्र्याच्या गळ्यात हा पट्टा घालायचा. तारेजवळ गेला की पट्टा आधी ‘टीं’ वाजतो, तरी पुढे गेला तर झटका देतो. कुठे थांबायचं ते कुत्र्याला कळावं म्हणून तारेवर हे पांढरे झेंडे रोवायचे आणि पंधरा दिवस शिकवायचं.

अक्कानं विचारलं, “व्हई का?”

“देखसू,” वना म्हणाला.

पेटी त्यानं लगेच लावली नाही. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. पेटीवर एकशे वीसचा आकडा होता आणि आपल्याकडे दोनशे तीस. सरळ लावली असती तर अमेरिकेचा धूर निघाला असता. त्यानं दोन दिवस बसून, पातळ तार भरून, लहानसा ट्रान्सफॉर्मर बांधला. त्याचीही एक सुतळी केली आणि भिंतीवर टांगली.

मग घर, गोठा आणि खळ्याभोवती वीतभर खोल चर खणून त्यानं तार पुरली. रस्त्याच्या बाजूनं कमी पडली तिथं आपली जोडली. झेंडे रोवले तेव्हा फाट्यावर दिवसभर बसणारा पुना आबा काठी टेकत बघायला आला.

“काय वना, इलेक्शन उनं का? हाऊ कोनती पार्टीना झेंडा?”

“काबऱ्यानी पार्टीना, आबा.”

“मंग मना मत पक्कं.”

पट्टा काबऱ्याच्या गळ्यात घालायच्या आधी वनानं तो स्वतःच्या मनगटावर आवळला. प्रमिलाबाई डब्बा घेऊन आली होती. ती म्हणाली, “हाई काय करी राहिनात? कुत्राना पट्टा सोताना हातले?”

“परक्यानी वस्तू शे. आधी मी देखस.”

तो झेंड्याकडे चालत गेला. टीं वाजलं. आणखी एक पाऊल टाकलं आणि वना असा उडाला की बैलांच्या पाण्याच्या टाक्यात त्याचा एक पाय गेला. प्रमिलाबाई हसून हसून जमिनीवर बसली. जन्मभर थ्री-फेजचे झटके खाल्लेला माणूस, पण तो बराच वेळ मनगट चोळत उभा राहिला.

“मोठा शे का रे झटका?” अक्कानं विचारलं.

वना विचार करून म्हणाला, “मोठा नही, अक्का. पण मन दुखस. चांगला चाली राहिनू व्हतू, आणि कोनी बिगर कारण कानशिलमा दिधी, असं वाटस.”

अक्कानं काबऱ्याला जवळ ओढलं. “मंग मना लेकरूले शॉक देवाना नही. नही म्हणजे नही.”

“मंग तो थांबी कसा?”

“टीं वाजनं की मी हाक मारसू. भाकर देसू. तो भाकरले थांबी.”

वनानं अक्काकडे पाहिलं, काबऱ्याकडे पाहिलं. मग खिशातून पेचकस काढला आणि पट्ट्यातले झटका देणारे धातूचे दोन दात उपटून काढले. आता पट्ट्यात नुसता आवाज उरला.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरली. टपरी उघडायच्या आधी वना काबऱ्याला दोरीनं धरून झेंड्याकडे नेई. टीं वाजे. ओसरीतून अक्का हाक मारी, “काबऱ्या, ये रे मना बाप!” आणि लोणी लावलेला भाकरीचा तुकडा पुढे करी. तीन दिवस काबऱ्या गोंधळला. आठव्या दिवशी टीं वाजताच तो हाकेची वाट न बघता ओसरीकडे धावला. वना रोज एक-दोन झेंडे काढत गेला. अर्धा चैत्र सरता सरता सगळे झेंडे निघाले, दोरी सुटली, आणि काबऱ्या मोकळा फिरू लागला. अभिमनची राजदूत आली की सुटायचा, टीं वाजलं की फटफटीचा नाद सोडून मागे पळायचा.

पण कुत्र्याचं डोकं कुणी कमी समजू नये. थोड्याच दिवसांत काबऱ्याच्या ध्यानात आलं की टीं आपणहून वाजत नाही, आपण गेल्यावर वाजतं. मग तो उठला की तारेजवळ जाई, मान पुढे करी, टीं वाजवी, आणि ऐटीत ओसरीवर येऊन अक्कासमोर बसे. सकाळी चार वेळा, दुपारी तीन वेळा. फटफटी असो नसो. अक्का पूर्वी दोन भाकरी थापायची, आता पाच थापू लागली.

“कुत्रा शिकना नही,” प्रमिलाबाई म्हणाली, “अक्का शिकनी. त्यानी टीं वाजाडं की हाई उठस.”

फाट्यावर सगळे म्हणू लागले की अक्कानं काबऱ्याला सालावर ठेवलंय. वना हसे, पण मनात खूष होता. आखाजीला दोन दिवस उरले तेव्हा त्याचं हसू गेलं.

मळ्यांच्या लाइनवरची लाईट त्या दिवसापासून सकाळी सहाला जाऊ लागली. ती येई थेट अकराला. आणि अभिमनची वेळ सातची. लाईट नाही म्हणजे पेटी बंद, पेटी बंद म्हणजे पट्टा मुका. आखाजीआधीच्या दोन्ही सकाळी अभिमन पारोळ्याला गेलाच नव्हता, मेव्हण्याला आणायला पिंपळनेरला गेला होता. त्यामुळे पट्टा मुका असताना राजदूत आली तर काबऱ्या काय करतो, हे कुणी पाहिलं नव्हतं. वनानं बॅटरी लावायचा प्रयत्न केला. पेटी घेईना. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या ओठावर ‘होत नाही’ आलं, आणि ते सांगायला तो अक्काकडे गेला.

अक्का खापरावरच्या पुरणपोळ्यांसाठी पीठ तिंबत होती. ऐकून तिचे हात थांबले.

“अभिमनले सांगू का, एक दिवस थांब म्हणून?” वनानं विचारलं.

“नको. शब्द मी दिधा व्हता, लाईटनी नही.” आणि ती पुन्हा पीठ तिंबू लागली, जरा जास्तच जोरात.

आखाजीचा दिवस उजाडला. निंबाला झोके बांधलेले. माहेरी आलेल्या लेकीबाळी सकाळपासून झोक्यावर चढलेल्या, त्यांची गाणी मळ्यापर्यंत येत होती. सहाला विहिरीवरची मोटार घरघरली आणि थांबली. पेटीवरचा लाल दिवा विझला. वना, प्रमिलाबाई, पुना आबा रस्त्याकडेला उभे राहिले. पिंपळनेरचा मेव्हणा दोरी घेऊन बाभळीखाली बसला होता. अक्का ओसरीतून हलली नाही.

राजदूतचा आवाज आला. काबऱ्यानं कान टवकारले, उठला आणि निघाला. काबऱ्या तारेच्या जागी पोचला. टीं वाजलं नाही. त्यानं मान पुढे केली. नाही वाजलं. मागे सरकून पुन्हा पुढे केली. मग तो त्याच जागी, रस्त्यापासून चार हातांवर, खाली बसला आणि मान तिरकी करून स्वतःच्या गळ्याशी कान लावल्यासारखा ऐकत राहिला.

अभिमन आला. सवयीनं दोन्ही पाय टाकीवर. कॅन खणखणले, धूळ उडाली, राजदूत काबऱ्याच्या नाकासमोरून गेली. काबऱ्यानं तिच्याकडे बघितलं सुद्धा नाही. त्याचं सगळं ध्यान पट्ट्यात होतं.

वनाच्या लक्षात यायला क्षण लागला. मग तो ओरडला, “अक्का! तो टींनी वाट देखी राहिना!”

पुढे गेलेली राजदूत थांबली. अभिमननं पाय खाली घेतले, मागे वळून बघितलं आणि गाडी फिरवली. पुन्हा समोरून गेला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा तर हॉर्न वाजवत, नवरदेवाच्या वरातीसारखा सावकाश आला. काबऱ्या बसलेलाच.

“आरे भो,” अभिमन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा रागच होता, “हाऊ तर मनाकडे देखतबी नही!”

पुना आबा म्हणाला, “आते तू भुक त्यावर. कोनी तरी भुकाले पाहिजे.”

सगळे हसले. मेव्हण्यानं दोरीची गुंडाळी करून पिशवीत घातली आणि विचारलं, पुरणपोळी तयार आहे का. अक्का ओसरीतून धावत आली, पंचावन्न वर्षांची बाई पोरीसारखी धावली, आणि हातातली गरम पोळी काबऱ्यासमोर धरली.

काबऱ्यानं पोळी हुंगली, आणि तोंड फिरवलं. टीं वाजल्याशिवाय खायचं कसं? तो तारेवर बसून राहिला. अक्कानं हाका मारल्या, प्रमिलाबाईनं चुचकारलं. लाईट यायला अजून चार तास होते. काबऱ्या कुं कुं करत सगळ्यांकडे बघू लागला, जणू त्याचा पगार कुणीतरी अडवला होता.

वना त्याच्यासमोर उकिडवा बसला. चार माणसांत लाज वाटून त्यानं इकडे तिकडे पाहिलं. मग ओठ आवळले, आणि अगदी बारीक, अगदी पट्ट्यासारखं म्हणाला, “टीं.”

काबऱ्या उसळून उठला, अक्काकडे धावला आणि पोळी दोन घासांत संपवली. अभिमननं कॅनचं झाकण उघडून वाटीभर दूध ओतलं, तेही प्यायला. मग तोंड पुसायलाही न थांबता तो परत तारेवर येऊन बसला आणि थेट वनाकडे बघू लागला.

“आते टपरी उघडू नका,” प्रमिलाबाई म्हणाली. “अकरालोंग तुम्हीच लाईट.”

झोक्यावरच्या पोरी उतरून बघायला आल्या होत्या. वनानं मिशी पुसली आणि पुन्हा ओठ आवळले.