कॅरिगवरचा बिशप

डेलिया पॅडनचा दिवस देवाच्या नावानं सुरू होत नसे, दिव्याच्या रंगानं सुरू होत असे. स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी एक काळी पेटी होती आणि तिच्यावर मुगाएवढा दिवा. हिरवा असला की चहा ठेवायचा. लाल असला की गमबूट चढवायचे. पाच वर्षं हेच चाललं होतं आणि या पाच वर्षांत बाईनं एक रात्र दुसऱ्याच्या घरी काढली नव्हती.

ही सगळी करणी फेस्टसची. फेस्टस म्हणजे तिचा नवरा. मोठ्या कंपन्यांनी कॅरिग टेकडीमागच्या घरांकडे पाठ फिरवली, तेव्हा या गड्यानं आपणच इंटरनेट आणायचं ठरवलं. शाळेच्या छपरावरून ते हवेत सोडायचं, टेकडीच्या माथ्यावर खांबावरच्या रेडिओनं झेलायचं आणि तिथून पलीकडे आपल्या आणि शेजारच्या सात घरांवर फेकायचं. रेडिओ म्हणजे गाणीबिणी वाजवणारा नव्हे, एक पांढरं चपटं खोकं. विकणारा म्हणाला होता, समुद्राची खारी हवा आहे, दोन हिवाळे काढले तरी नशीब समजा. त्याला तेरा झाले. फेस्टसनं त्याचं नाव बिशप ठेवलं होतं. "उंचावर बसतो, कुणाशी बोलत नाही आणि त्याला हलवायची कुणाची छाती नाही," असं म्हणायचा आणि रविवारी चर्चमध्ये पुढच्याच बाकावर जाऊन बसायचा.

बिशप स्वतः कधी आजारी पडला नाही. पडायचं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं. वारा पवनचक्कीचं पातं मोडायचा, बॅटरी थंडीत मान टाकायची, मेंढ्या केबल चघळायच्या, सॉकेटात मीठ साचायचं. राजा आपला गादीवर, धावपळ सगळी हुजऱ्याची. फेस्टस होता तोवर हुजऱ्या तो होता. मग पाच वर्षांपूर्वी एका मार्चमध्ये त्याच्या छातीत कळ आली आणि बोटीच्या धक्क्यावरच सगळं आटोपलं.

दफन होईपर्यंत त्याला घरातच ठेवला होता, बैठकीच्या खोलीत, उघड्या शवपेटीत, सगळ्यांना ठेवतात तसाच. लोक येत होते, तिचा हात हातात घेत होते, सँडविच खात होते, फेस्टसच्या जुन्या गमती सांगून हसत होते. घटकाभर खोली रिकामी झाली तेव्हा डेलियानं त्याच्या गार हातावर हात ठेवला आणि पुटपुटली, "टेकडीवरचं मी बंद पडू देणार नाही." अशा वेळी माणूस काहीही बोलून जातो. पंचाईत अशी की मेलेला माणूस शब्द घेऊन जातो आणि परत द्यायला काही येत नाही.

खरं तर डेलिया इथली, मेयोची नव्हेच. ती वेक्सफर्डची, आयर्लंडच्या पार दुसऱ्या टोकाची, जिथे ऊन पडलं तर लोक खिडकीशी धावत नाहीत. तिची थोरली बहीण नूला तिथे स्ट्रॉबेरी पिकवायची. अर्धी जागा वडिलांनी डेलियाच्या नावावर ठेवली होती आणि मागची खोली नूलानं तिच्यासाठी रंगवूनही घेतली होती. दर रविवारी दोघी इंटरनेटवरून बोलायच्या, म्हणजे बोलायचा प्रयत्न करायच्या. नूलाचा चेहरा दर दोन वाक्यांनी थिजायचा, तोंड उघडं ते उघडंच, नाहीतर त्याचे चौकोनी तुकडे व्हायचे. आवाज तेवढा धडपणे यायचा.

"ब्रिजिडच्या सणापर्यंत, एक फेब्रुवारीपर्यंत सांग," नूला जानेवारीच्या सुरुवातीला म्हणाली. "माझे गुडघे गेले. तू येणार असलीस तर यंदा रोपं लावते. नसशील तर सगळं विकून मोकळी होते."

"इथे सात घरं आहेत गं. कोलमन शहात्तर वर्षांचा, अट्रॅक्टाची औषधं नेटवरून येतात. माझ्यामागं त्या टेकडीवर कोण चढणार?"

"तू काय त्यांची सून लागतेस?"

"फेस्टसला शब्द दिलाय."

"फेस्टस स्वर्गात पाय पसरून बसलाय आणि तू इथे त्याच्या खोक्याची मोलकरीण..." एवढं म्हणून नूला थिजली. डेलियाला वाटलं, बरं झालं थिजली.

फायबर, म्हणजे मोठ्या कंपनीचं केबलमधून येणारं वेगवान इंटरनेट, गावातल्या रस्त्यानं आलं आणि टेकडीच्या अलीकडेच थांबलं. मागच्या घरांचं काय, असं विचारलं की उत्तर मिळायचं, पुढच्या टप्प्यात. असे तीन पुढचे टप्पे झाले होते. त्यामुळे बाईची गत 'धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं' अशी झाली होती. बिशप चालतो आहे तोवर हलता येत नव्हतं, आणि बिशप काही थांबायचं नाव घेत नव्हता. तसला रेडिओ आता कुणी बनवत नाही. तो मेला तर प्रत्येक घराच्या भिंतीवरचं खोकंही बदलावं लागलं असतं, आणि एवढी अपेक्षा एका विधवेकडून कुणी केली नसती. दर वादळात अंथरुणात पडल्यापडल्या डेलिया बिशपच्या मरणाची वाट पाहायची. सकाळी दिवा हिरवा दिसला की आधी तिचं मन खट्टू व्हायचं आणि मग त्याचीच लाज वाटायची.

लोक मात्र खूश होते. फेस्टसच्या काळात दिवा लाल झाला की पाच मिनिटांत अट्रॅक्टाचा फोन यायचा, "अरे मेल्या फेस्टस, माझी मालिका!" गेली दोन वर्षं एक तक्रार नव्हती. ही आपल्या कामाची पावती, असं डेलिया समजायची. सात घरांचे महिन्याचे पैसे दुरुस्तीतच जायचे. बाकी काही हाती लागलं नव्हतं, निदान तेवढं तरी.

पावती फुकट मिळाली नव्हती. गेल्या नोव्हेंबरात उतारावर तिचा घोटा मुरगळला आणि ती दोन तास पावसात पडून होती. मेंढ्या मोजायला आलेल्या कोलमननं तिला पाहिलं, उचललं, शेतात फिरायच्या चारचाकी क्वाड-बाइकवर चाऱ्याच्या पोत्यांवर आडवी घातली आणि खाली आणली. वाटेत तिनं डोळे उघडून पहिला प्रश्न केला, "नेट चालू आहे ना?"

"झकास चालू आहे, पोरी," कोलमन म्हणाला. तेवढ्यानं तिचं दुखणं निम्मं झालं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मोठं वादळ आलं. सकाळी दिवा लाल. वारा इतका होता की गोठ्याचं पत्र्याचं दार शेजारच्या शेतात जाऊन पडलं, त्यामुळे चढायची सोय नव्हती. ती फोनजवळ बसून राहिली. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं रिसीव्हर उचलून पाहिला, तर आवाज व्यवस्थित येत होता. किती समजूतदार माणसं, असं मनात येऊन तिचे डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि ती टेकडी चढली. पवनचक्की शाबूत होती, बॅटरी शाबूत होती. बिशप आपल्या जागी होता, वाळलेल्या शेवाळानं एका बाजूनं हिरवट झालेला. मग तिला केबल दिसली. "केबलला पोट हवं," फेस्टस सांगायचा. म्हणजे खोक्यात शिरण्याआधी ती खाली झोळीसारखी सोडायची, पाणी पोटाशी येतं आणि तिथूनच गळून पडतं. कुठलातरी एडका खांबाला अंग घासून गेला होता. केबल ताणली जाऊन पोट सपाट झालं होतं, आणि पावसाचं पाणी सरळ सॉकेटात चाललं होतं. पुसायचं, ग्रीस लावायचं, काळी टेप गुंडाळायची, पोट पुन्हा सोडायचं. दहा मिनिटांचं काम.

ग्रीसची डबी तिच्या खिशातच होती. ती हातात धरून डेलिया उभी राहिली. खाली सात घरांची धुराडी धूर सोडत होती. पलीकडे राखाडी समुद्र, आणि मागे, कुठेतरी फार लांब, प्लास्टिकच्या छपराखाली लावायच्या थांबलेल्या स्ट्रॉबेरी. ब्रिजिडचा सण परवावर आला होता. आज हे दुरुस्त केलं तर अजून तेरा हिवाळे, हे तिला स्वच्छ दिसलं. तिनं डबी खिशात घातली, पाना काढला, चार बोल्ट सोडवले आणि बिशपला काखोटीला मारून खाली आणलं. गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून त्याच्यावर कोट टाकला. चोरी केल्यासारखं तिनं आजूबाजूला पाहून घेतलं.

टेकडीच्या पायथ्याचं पहिलं घर कोलमनचं. तो दारातच उभा होता.

"ये, चहा घे."

"नको."

"घे गं अर्धा कप."

"नकोच, खरंच."

"किटली ठेवलीय." रीतीप्रमाणे दोनदा नको म्हणून झालं होतं, तेव्हा आता बसायला हरकत नव्हती. चुलीत टर्फ, दलदलीतून कापून वाळवलेली जळाऊ माती, धुमसत होती. डेलियानं कप दोन्ही हातांत धरला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "कोलमन, बिशप गेला."

कोलमननं टोपी काढून छातीवर क्रॉस केला. "दुरुस्त नाही होणार?"

"नाही."

"आणि दुसरा?"

"तसला आता मिळतच नाही."

"देवाची कृपा," कोलमन म्हणाला, आणि लगेच कानापर्यंत लाल झाला.

डेलियानं मान वर केली. तेव्हा कुठे तिला तो आवाज ऐकू आला. ती आल्यापासून चाललाच होता. टेबलावर पावाला टेकून टॅबलेट उभा होता आणि त्यात मेंढ्यांच्या बाजारातला लिलाव पुकारणारा श्वास न घेता बोंबलत होता.

"हे कशावर चाललंय, कोलमन?"

म्हाताऱ्यानं लिलाव बंद केला. मग तिला मागच्या दारानं टर्फच्या खोलीमागे घेऊन गेला. तिथे भिंतीला, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशी, आकाशाकडे तोंड केलेली डिश होती. थेट उपग्रहावरून येणारं इंटरनेट.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"आणि बाकीचे?"

"सगळेच. अट्रॅक्टाची कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. तिनं हिरवा रंग दिलाय."

"पण तुम्ही सगळे मला दर महिन्याला पैसे देता!"

"ते बंद करायचा प्रश्नच नव्हता. फेस्टसला घरात ठेवला होता तेव्हा, तू चहा करायला आत गेलीस आणि त्याच्या शवपेटीवर हात ठेवून आम्ही सातही घरांनी सांगितलंय त्याला. तुझ्या बायकोला एकटं पाडणार नाही, एकही घर तुझं कनेक्शन तोडणार नाही." कोलमन टोपी हातात पिळत होता. "आम्हाला वाटलं, ती टेकडी हाच तुझा आधार आहे. ती काढून घेतली तर बाई खचेल."

"माझा आधार?" डेलियाचा आवाज चिरकला. "मी मरत होते तिथे! घोटा मुरगळून पडले होते! तूच मला उचलून आणलंस!"

"त्या दिवशी सांगणारच होतो गं. शपथेवर. पण डोळे उघडल्यावर तू पहिलं काय विचारलंस?"

डेलियाला आठवलं.

"मग मी दुसरं काय म्हणणार होतो?" कोलमन म्हणाला.

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. शेवटी ती टर्फच्या ढिगावर बसली आणि मोठ्यानं रडली. आधी रागानं, मग नुसतीच. कोलमन खिशातले हात काढत होता नि घालत होता.

"बिशप मेलेला नाही," नाक पुसत ती म्हणाली. "गाडीत आहे. ठणठणीत. मी खोटं बोलले."

कोलमन घाबरलाच. "पुन्हा वर नाही ना चढवणार?"

"तुझा टॅबलेट दे," डेलिया म्हणाली.

त्याच स्वयंपाकघरात, त्याच थंड झालेल्या चहासमोर तिनं नूलाला फोन लावला. दुसऱ्या घंटेला नूला आली, अख्खी, एकही तुकडा न होता.

"अगं बाई, डेलिया! किती स्पष्ट दिसतेयस आज! काय केलंस तरी काय?"

"येतेय मी, नूला. रोपं लाव."

नूला खदखदून हसली, आणि या वेळी ते हसू मध्येच थिजलं नाही, शेवटपर्यंत चाललं. डेलिया टॅबलेटच्या जवळ सरकली. बहिणीचे गाल आत गेले होते. गळ्याची हाडं वर आली होती.

"तुझे केस पांढरे कधी झाले गं?"

"कधी म्हणजे?" नूलानं डोक्यावरून हात फिरवला. "दोन वर्षं झाली की. दर रविवारी तर बघतेस मला."